दोनशे चौदा नंबरचे दोन अंगठे

मित्रांनो, मी एक जुना हजेरीपट आहे, आणि माझ्या बेचाळिसाव्या पानावर एक खोटं लिहिलेलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पोटात ठेवून ठेवून मी थकलो.

माझा जन्म नागपूरच्या एका बाइंडिंगच्या दुकानात झाला. जाड कागद, दुहेरी दोरा, वर खळ लावून चिकटवलेली लाल कापडाची पाठ. बांधणाऱ्या म्हाताऱ्याने मला दोनदा टेबलावर आपटून पाहिलं आणि म्हणाला, हा पन्नास वर्षं हलणार नाही. मी फुगलो. नवीन वहीला अक्कल कमी आणि तोरा जास्त असतो. लग्नाचा खर्च किंवा शाळेची कविता असं काहीतरी आपल्यात लिहिलं जाईल, असं मला वाटलं होतं. पण मला रेल्वेत घातलं आणि १९५७ च्या उन्हाळ्यात भिलाईला आणलं.

तेव्हाचं भिलाई तुम्हाला ओळखू येणार नाही. चिमण्या नव्हत्या, बागा नव्हत्या. रिसाली गावाच्या अंगाने पाहावं तिकडे लाल माती खणून ठेवलेली. पोलादाच्या कारखान्याचा पाया भरायचा होता आणि खणायला माणसं हवी होती. ती भंडाऱ्याहून आली, बालाघाटहून आली, आसपासच्या छत्तीसगडी खेड्यांतून आली. एका ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला टेबलावर ठेवलं. आलेल्या प्रत्येकाला पितळी बिल्ला मिळे आणि बिल्ल्याचा नंबर माझ्यात चढे.

रोज सकाळी टाइमकीपर नंबर पुकारायचा आणि समोरून ‘हाजीर’ असं उत्तर यायचं. दर शनिवारी आठवड्याची हजेरी कायम करायला डाव्या हाताचा अंगठा घ्यायचे. शाईच्या गादीवर दाबायचा, माझ्यावर उठवायचा आणि उरलेली शाई केसांना पुसून माणूस निघून जायचा. मला ते अंगठे फार आवडत. नाव लिहिणारा दुसराच कोणी असतो, अंगठा मात्र ज्याचा त्याचा असतो.

दोनशे चौदा नंबरवर नाव होतं केवलराम. भंडाऱ्याकडचा शेतकरी, उंच, बोलायला कमी. त्याच्या अंगठ्याच्या रेषा पूर्ण गोल फिरायच्या. दहा शनिवार तो ठसा माझ्यावर न चुकता उठला.

मग जून लागला. आता त्या माणसांची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. सलग आठ दिवस गैरहजर राहिलं, की नंबर कटायचा. पण पेरणी कोणासाठी थांबत नाही. म्हणून ज्याला गावी जायचं असेल तो आपला बिल्ला भावाच्या गळ्यात घालायचा. भाऊ त्याच्या नंबरावर ‘हाजीर’ म्हणायचा आणि पेरणी आटोपून मालक परत आला की बिल्ला परत. सगळ्या गावांची हीच चाल होती. मुकादमाला ठाऊक होतं, टाइमकीपर मान वर करून चेहरा बघत नव्हता, आणि काम चाललं होतं.

केवलरामच्या जागी त्याचा धाकटा भाऊ आला. चंपत त्याचं नाव. वय असेल वीस-बावीस. सोबत आई पंचफुला, पोराला ताजी भाकर मिळावी म्हणून झोपडीत येऊन राहिली. पहिल्या शनिवारी चंपतने अंगठा उठवला आणि मी दचकलो. रेषांच्या मधून एक तिरकी पांढरी खूण गेली होती. कापणी करताना डाव्या हातात धानाच्या पेंढ्या धरतात आणि उजव्या हातात विळा. कधीतरी विळा निसटला असणार. असे तीन शनिवार, तीन अंगठे.

चौथ्या आठवड्यात मंगळवारी दुपारी पायाच्या खड्ड्याची कड ढासळली. चंपत खाली होता.

मित्रांनो, मी टेबलावरच होतो. त्याला शेडच्या दाराशी आणून निजवलं. कारकुनाने बिल्ला पाहिला, माझं बेचाळिसावं पान उघडलं आणि पंचफुलाला विचारलं, केवलराम तुमचा कोण? ती पोराकडे बघत होती. मुकादमाने मागून हात हलवून गप्प राहा असं खुणावलं. नंबर दुसऱ्याने चालवला हे फुटलं तर केवलरामला पोलीस धरतील, आणि टोळीतल्या निम्म्या माणसांचे नंबर जातील, अशी सगळ्यांना भीती होती. पंचफुला म्हणाली, "पोरगा." तिने खोटं सांगितलं नाही. केवलराम तिचा मुलगा होताच. कारकुनाने लाल शाईत लिहिलं, ‘केवलराम, मयत, नंबर बंद.’ ती शाई त्या तीन अंगठ्यांच्या अगदी बाजूला वाळली.

केवलराम गावाहून परत आला तेव्हा त्याच्या नावाचा माणूस मेलेला होता. आठ-दहा महिन्यांनी खुद्द कारखान्यात भरती निघाली, तेव्हा मेलेल्या नावाने अर्ज करता येईना. म्हणून त्याने भावाचं नाव लावलं. कारखान्याच्या कागदावर चंपत जिवंत झाला, आणि माझ्या कागदावर केवलराम मेला.

ठेकेदाराचं काम संपलं. तो गेला आणि आम्हा सगळ्या वह्यांना एका रेकॉर्डच्या शेडमध्ये ढिगाने टाकून गेला. वर पत्रा, खाली सादळलेली फरशी. माझ्या एका कोपऱ्याला वाळवी लागली. नागपूरचा म्हातारा म्हणाला होता तसा मी हललो नाही, पण हलवणारंच कोणी नव्हतं. आणि त्या शांततेत मला ऐकू येऊ लागलं. भरदुपारी, पत्रा तापला की, माझ्या बेचाळिसाव्या पानातून आवाज यायचा. ‘हाजीर.’ एकदाच, हळू. मग कोणीतरी आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट बघत असावं, अशी शांतता. मला भीती वाटायची, आणि त्याहून जास्त लाज वाटायची. तो मला काही विचारत नव्हता, नुसता हजर होता. शेडमध्ये झाडायला येणारी माणसंसुद्धा दुपारी आत थांबत नसत. म्हणत, इथे पानं उलटल्याचा आवाज येतो.

१९६५ साली शेडला खिडक्या बसल्या, वह्या ठेवायला लाकडी घोडे आले, फडताळं आली आणि चार पदवीधर उमेदवार आले. जुने कागद कसे राखायचे हे शिकण्यासाठी त्यांची एक वर्षाची उमेदवारी होती. त्यांना शिकवायला गुलाबराव नावाचे गृहस्थ नागपूरच्या दप्तरखान्यातून मुद्दाम आणले होते. आवाज बारीक, शिस्त जबर. थुंकी लावून पान उलटलं की छडी मिळायची तेवढी बाकी राही. हात कोरडे हवेत, दौत दाराबाहेर, आत फक्त पेन्सिल, असे त्यांचे नियम.

उमेदवारांत नलू मेश्राम होती. नागपूरला बी.ए. झालेली, वडील रेल्वेत गँगमन. भिलाईतल्याच पावर हाउस भागातल्या त्यांच्या वस्तीतल्या बौद्ध घरांमधली ती पहिली पदवीधर. बाप सही करायला शिकला तेव्हा लेक मॅट्रिक होती, असं ती हसून सांगायची. लहानपणी बाप पगाराला अंगठा देऊन घरी आला की तिच्या वेणीला हात लावायचा आणि शाई लागायची, म्हणून आई ओरडायची.

आणि शेडमध्ये पाणी भरायला कोण येत असेल? पंचफुला. आठ वर्षांत ती वाकली होती. रोज दोन माठ भरायची आणि जाताना जुन्या वह्यांकडे एकदा बघायची. कधीकधी फाटकाशी तिचा मुलगा तिला न्यायला येई आणि ती हाक मारायची, "चंपत." तो म्हणायचा, "हो, माय." मी घोड्यावरून ऐकायचो. मेलेल्या पोराच्या नावाने जिवंत पोराला हाक मारणं, आणि त्याने ओ देणं. माझ्या पानातला आवाज त्या वेळी एकदम गप्प व्हायचा.

उमेदवारांचं पहिलं मोठं काम छाटणीचं होतं. कायम ठेवायच्या वह्या एकीकडे, जाळायच्या दुसरीकडे. ठेकेदारांचे जुने हजेरीपट नियमाप्रमाणे जाळायचे. नलूने मला उघडलं, शेवटचा शेरा पाहिला, यादीत नोंद केली आणि जाळायच्या ढिगावर ठेवलं. तिची चूक नव्हती, नियमच तसा होता. शनिवारी शेडमागच्या खड्ड्यात आम्ही जाणार होतो.

गुरुवारी पंचफुला पाणी ठेवून गेली नाही. नलूजवळ येऊन उभी राहिली.

"बाई, हे जाळून राहिले का तुमी?"

नलूने हो म्हटलं.

"त्या लाल पाठीच्यात माया लहान्या पोराचा अंगठा हाय. त्याचा फोटू नाही, काई नाही. तेवढंच हाय." मग तिने सगळं सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. शेवटी म्हणाली, "त्याची तेरवी नाही केली मी. जित्या मानसाची तेरवी कशी करू? तेवढं केवलराम खोडून चंपत लिहा. मंग जाळा, मी नाही म्हनत नाही."

नलूने मला ढिगातून ओढून काढलं. बेचाळिसावं पान उघडून ती बराच वेळ बघत राहिली. दहा गोल अंगठे, मग तीन तिरक्या खुणेचे. अंगठे तिने जन्मभर पाहिले होते, तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. मग ती दाराबाहेर गेली, दौत घेऊन आली आणि टाक बुडवला. मित्रांनो, खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो, लिही. एकदाचं मोकळं कर मला.

"दौत बाहेर," गुलाबराव मागून म्हणाले.

नलूने टाक ठेवला, पण मागे सरली नाही. तिने सगळं सांगितलं. गुलाबरावांनी भिंग काढलं, तेरा अंगठे एकेक करून पाहिले आणि भिंग पुसून खिशात घातलं.

"खोटंही जसंच्या तसं राखायचं असतं, नलू. ते खोडलंस, तर खोटं झालं होतं हेच खोडलं जाईल. मग तो पोरगा दुसऱ्यांदा जाईल."

"मंग त्याले खड्ड्यात जाऊ द्यायचं का, सर?" चिडली की नलू घरच्या बोलीवर यायची.

गुलाबराव म्हणाले, वहीला हात लावायचा नाही, पण वहीसोबत चिठ्ठी ठेवता येते. काय पाहिलं आणि कोणी सांगितलं, ते वेगळ्या कागदावर लिहायचं, लिफाफ्यात बंद करायचं आणि कोणत्या सालापर्यंत उघडायचं नाही ते वर लिहायचं. ज्याला धोका आहे तो माणूस नोकरीतून सुटल्यावरच लिफाफा उघडला जाईल. दप्तरखान्यांत हे चालत आलेलं आहे. पण पुराव्याला एक गोष्ट हवी. पहिले दहा अंगठे ज्याचे, त्याने स्वतःच्या खऱ्या नावावर अंगठा द्यायला हवा. आणि ही चिठ्ठी आधी फुटली तर त्याची नोकरी जाईल, हे त्याला समजावून सांगायला हवं.

शुक्रवारी पाळी सुटल्यावर केवलराम आला. नलूने त्याला धोका दोनदा सांगितला. तो दारातच उभा होता, आत पाय टाकत नव्हता. मग म्हणाला, "त्याच्या नावानं जेवून राहिलो सात वर्सं. घ्या अंगठा."

दाराबाहेर दौतीपाशी बसून नलूने चिठ्ठीवर त्याचं नाव लिहिलं, केवलराम. आठ वर्षांत ते नाव जिवंत माणसापुढे कोणी लिहिलं नव्हतं. त्याने अंगठा उठवला आणि तो माझ्या पहिल्या दहा अंगठ्यांशी जुळला. खाली साक्षीला पंचफुलाचा अंगठा.

चिठ्ठी वाळेपर्यंत नलूने मला पंचफुलासमोर उघडं धरलं आणि ते तीन ठसे दाखवले. पंचफुलाने पदराला हात पुसले, चांगले कोरडे केले. मग तिरक्या खुणेवर बोट अलगद ठेवलं आणि हाक मारली.

"चंपत."

केवलराम तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभा होता. सात वर्षं या हाकेला त्याने ओ दिली होती. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने ओ दिली नाही. पंचफुला खाली बसून मोठ्याने रडली, पोर गेलेल्या आईने रडावं तशी.

शनिवारी बाकीच्या वह्या जळाल्या. त्यांत किती तिरक्या खुणा होत्या ते मला माहीत नाही, आणि याचं दुःख मला आहे. माझ्यापुढे यादीत नलूने लिहिलं, ‘कायम ठेवावे. अपघातात मृत्यू पावलेल्या मजुराच्या अंगठ्याचे ठसे आहेत.’ पुढच्या महिन्यात पंचफुला चार दिवस पाणी भरायला आली नाही. गावी जाऊन तेरवी करून आली.

आज १९६७ साल आहे. वर्ष संपल्यावर नलू इथेच कायम झाली आणि आता नवीन उमेदवारांना तीच सांगते, दौत बाहेर. दुपारी पत्रा तापला की बेचाळिसाव्या पानातून अजूनही ‘हाजीर’ ऐकू येतं. आता मला त्याची भीती वाटत नाही. मी मनात उत्तर देतो, चंपत, लिहिलंय.

मित्रांनो, माझ्या आतल्या लिफाफ्यावर १९९० लिहिलं आहे. मी तोवर टिकेन की नाही ते वाळवीच्या आणि माणसांच्या हातात आहे. गुलाबराव तेव्हा नसतील, नलू म्हातारी झालेली असेल. तुम्ही आज दुसरी-तिसरीत असाल, तेव्हा मोठे असाल. तुमच्यातलं कोणी अशाच एखाद्या खोलीत उमेदवार म्हणून लागलं आणि लाल पाठीची फाटकी वही हाती आली, तर तिला ढिगावर टाकण्याआधी बेचाळिसावं पान उघडून बघा. हात कोरडे करून घ्या. आणि त्याचं नाव एकदा मोठ्याने पुकारा.

तो हजर आहे.