रत्नाबाईंचा वाटा

कानडी मुलखातल्या देवनहळ्ळीच्या घरात त्या रविवारी परीक्षा होती जुळ्या भावांची, आणि धडधड होत होती रत्नाबाईंच्या छातीत.

तीस वर्षांपूर्वी यशवंतपूरच्या धाकट्या जावेला जुळे मुलगे झाले. रत्नाबाईंची कूस काही उजवली नव्हती. बारशाच्या दिवशी जावेने एक पोर पाळण्यात ठेवलं आणि दुसरं त्यांच्या ओटीत घातलं. पाळण्यातला गिरीराज, ओटीतला शंभूराज. लपवाछपवी कधीच नव्हती. सणावाराला दोघे भाऊ एका ताटात जेवत. पण शंभू जसजसा वाढला, तसतसा रत्नाबाईंना एकच घोर लागला. या पोरात आपलं म्हणावं असं काही उतरलंय, की आपण नुसती राखण केली?

आता विद्यापीठातली सौम्या वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास करत होती. मुलगी मूळची निपाणीची, त्यामुळे मराठी बोलायची. तिने दोघांना दोन खोल्यांत बसवून एकसारखेच प्रश्न दिले. आदल्या दिवशी रत्नाबाईंनी शंभूला बजावलं होतं, राग येतो का असं विचारलं तर 'येत नाही' असं लिही, म्हणजे तेवढा तरी फरक दिसेल. त्यावरच तो भडकला. खोटं लिहिणार नाही म्हणाला. गिरीराजही अगदी असाच भडकला असता, हे काय वेगळं सांगायला हवं?

सौम्याने कागद शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखवले. दोघांना राग पटकन येतो आणि पटकन जातो. दोघांनी पहिली नोकरी साहेबाशी भांडून सोडली. दोघांचा गर्दीत जीव गुदमरतो. रत्नाबाई ऐकत गेल्या आणि मनातून खचत गेल्या. ती जागरणं, ते धपाटे, ते लाड, रक्तापुढे सगळं पाण्यात गेलं होतं.

एवढ्यात शेजारी बसलेल्या सौम्याने हळू आवाजात काहीतरी विचारलं. रत्नाबाईंना ते कळलंच नाही.

"स्वल्प, जरा या बाजूला ये बाई," त्या म्हणाल्या. "डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. लहानपणीच्या तापात गेला तो."

सौम्या उठली आणि अर्ध्या वाटेत थबकली.

"अम्मा, मी तेच विचारत होते. शंभूअण्णा कुणाशीही बोलायचं झालं की आधी त्याच्या उजव्या बाजूला जातात, तोंडाकडं बघून सावकाश बोलतात. गिरीअण्णा बसल्या जागेवरनंच बोलतात. एवढंच दोघांत वेगळं दिसलं. हे कुठनं आलं?"

कानाचं रत्नाबाईंनी शंभूला कधी सांगितलंच नव्हतं. रांगायचा तेव्हा तो डावीकडून ओरडून थकायचा आणि पदराला धरून उजवीकडे यायचा. बोलायला शिकला तोही त्याच बाजूने. पुढे शाळेत गेला, नोकरीला लागला, लग्न झालं, आणि हा वेडा सगळ्या जगाला आईसारखंच डाव्या कानानं बहिरं धरून चालला होता.

त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"लिही," त्या म्हणाल्या. "हे माझ्याकडनं आलंय."