'थांब जरा' नावाचा डेक

मी 'थांब जरा' बोलतोय. घाबरू नका, तुम्हाला अडवत नाहीये; ते माझं नावच आहे. मी तीस पत्त्यांचा डेक, म्हणजे संच, आहे, पण मला हातात धरता यायचं नाही. मी मोबाइलमधल्या एका पत्त्यांच्या खेळात राहतो. माझे कोपरे दुमडत नाहीत, चहा सांडला तरी मला डाग पडत नाही. तरी मी बरंच सोसलंय. आणि सांगायला लाज कशाला, बरंच जिंकलोही आहे.

खेळ साधा आहे. दोघं समोरासमोर, प्रत्येकाचे स्वतः निवडलेले तीस पत्ते आणि तीस प्राण. पहिल्या पाळीला एक शक्ती मिळते, दुसऱ्या पाळीला दोन, अशी ती वाढत जाते. स्वस्त पत्ते लगेच टाकता येतात, भारी पत्त्यांसाठी वाट पाहावी लागते. बहुतेक लोक पहिल्या पाळीपासून बारके लढवय्ये सोडतात आणि सहाव्या पाळीपर्यंत समोरच्याला आडवा करून मोकळे होतात. मी त्यातला नाही. मी आधी मार खातो. मग मलम लावतो, मग मैदान झाडून काढतो. समोरच्याचे हात रिकामे झाले की मग माझं बोलणं सुरू होतं. कुणी मला चिवट म्हणतं, कुणी कंटाळवाणा. मला दोन्ही मान्य आहे.

मला जिने बनवलं, ती कवळ्या बनवते. दातांच्या लॅबमध्ये तिचं टेबल खिडकीशी आहे. साच्यात प्लास्टर ओतायचं, ते घट्ट होईपर्यंत बोटसुद्धा लावायचं नाही, मग मेणात एकेक दात बसवून वरचा-खालचा चावा जुळतो का ते पाहायचं. घाई केली तर कुणाच्या तरी हिरड्या सोलवटतात. अशा बाईच्या हातून दुसरा कसला डेक निघणार?

तिचा नवरा बोटीवर इंजिन सांभाळतो. वर्षातले आठ महिने तो पाण्यावर. घरात धाकटा दीर आणि जाऊ. दीर पार्सलची गाडी चालवतो, जाऊ औषधांच्या दुकानात काम करते. संध्याकाळी दोघं सोफ्यावर बसून हा खेळ खेळायचे आणि ही समोर कपड्यांच्या घड्या घालत बसायची. एकदा जाऊच म्हणाली, "ताई, त्या चादरी कुठे पळून जात नाहीत. या इकडे, फोन काढा."

पुढच्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, माझा जन्म झाला. तिने एकेक पत्ता वाचून निवडला. जखमा भरणारी 'वैद्यबाई'. मैदानावरचे सगळे लढवय्ये जाळणारा 'वणवा'. आणि शेवटी, नवव्या पाळीला येऊन एका सोंडेत निकाल लावणारा 'म्हातारा हत्ती'. तिघांनी मिळून संघ केला, तीन-तीन जणांच्या लीगमध्ये नाव घातलं आणि वर्षभरात पहिल्या गटात जाऊन बसले. समोरचे खेळाडू वैतागून तयार संदेश पाठवायचे: 'लवकर करा!' ती हसायची आणि घड्याळ संपत येईपर्यंत विचार करायची.

या खेळात दर चार महिन्यांनी नवे पत्ते येतात. त्या दिवशी खेळाडूंच्या घरी आनंदीआनंद असतो. आम्हा डेकांना मात्र घोर लागतो. कुणाला बाहेर काढतील, कुणाच्या शेजारी कोण येऊन बसेल, काही सांगता येत नाही. आम्ही पहिल्या गटात गेलो त्यानंतरच्या खेपेला एकशे वीस पत्ते आले आणि त्यात 'भुताटकी' होती. मेलेले सगळे लढवय्ये एका झटक्यात उठवून परत मैदानात उभे करणारी.

माझी सगळी मिजास वणव्यावर. मी जाळायचो, ते उठायचे. पुन्हा जाळायला शक्ती उरायची नाही. आम्ही ओळीने अकरा डाव हरलो. अकराव्या डावानंतर तिने फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ कवळीचा एकच दात घासत राहिली.

मग तिने इंटरनेटवरून एक तयार वेगवान डेक उतरवून घेतला आणि मी खणात पडून राहिलो. तीन आठवडे मला कुणी उघडलं नाही. शेजारच्या खणातला तो पाहुणा कधी जिंकायचा, कधी हरायचा. पण डाव संपला की ती काय झालं ते आठवूसुद्धा बघत नसे. पत्ते टाकत होती, एवढंच.

लीगचा शेवटचा सामना जवळ आला. हरले तर खालच्या गटात जाणार होते. बुधवारी जेवताना दिराने दोनदा घसा खाकरला.

"वहिनी, राग मानू नका. संघात शनिवारपर्यंत बदल करता येतो. आमच्या डेपोतला लंबू हाच वेगवान डेक खेळतो. तुमच्यापेक्षा... म्हणजे, त्याचा हात बसलाय त्यावर. या एका सामन्यापुरतं तुम्ही जरा—"

"वाक्य पूर्ण करू नका," जाऊ म्हणाली. "तोंडघशी पडाल."

तिने शांतपणे पाणी प्यायलं. "शनिवारपर्यंत ना, भावजी? आज बुधवारच आहे."

तिचा आवाज सरळ होता, पण मी तिच्या फोनमध्येच राहतो. त्या संध्याकाळी फोन धरलेली तिची बोटं गार होती. तिला खेळ जाण्याचं दुःख नव्हतं. त्या सोफ्यावरची तिसरी जागा तिने कमावलेली होती. ती गेली की पुन्हा समोरची खुर्ची आणि चादरी.

गुरुवारी लॅबमध्ये तिने एकशे वीसही पत्ते वाचले. लोकांनी काय लिहिलंय ते नाही, पत्त्यावर काय लिहिलंय ते. अठ्ठ्याऐंशीव्या पत्त्यापाशी ती थांबली. 'मुकी विहीर'. शक्ती सात. मैदानावरचे सगळे लढवय्ये विहिरीत पडतात आणि कुठल्याही पत्त्याने परत येत नाहीत. खाली कुणा नामांकित खेळाडूने शेरा मारला होता: 'निकामी. सातव्या पाळीपर्यंत जगतं कोण?'

"मी," ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या टेबलावरचा कारागीर दचकला.

तिने मला उघडलं. तीन आठवड्यांनी! दोन वणवे काढले, दोन विहिरी घातल्या. तिसरी वैद्यबाई घातली, आणि तिच्यासाठी हत्तीला काढलं. मला धस्स झालं. हत्ती माझा अभिमान होता.

संध्याकाळी जाऊने यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ताई, हत्तीच काढला? मग जिंकायचं कशाने?"

"न हरण्याने. हे बघ, प्रत्येकाकडे पत्ते तीसच. ते संपले की दर पाळीला आपलेच प्राण तुटायला लागतात. भुताटकीवाले भराभर पत्ते उचलतात, त्यांचे आधी संपणार. तोवर आपण फक्त मरायचं नाही."

शुक्रवारी दिराने स्वतः भुताटकीचा डेक घेतला आणि माझी परीक्षा घेतली. पाच डावांत चार हरला. पाचवा जिंकला तो नशिबाने, आणि तेही त्याने कबूल केलं. मग उठून फोन लावला. "लंबू, रविवारी तू झोप काढ. आमचा संघ पूर्ण आहे."

रविवारी दुपारी सामना झाला. दीर जिंकला, जाऊ हरली. सगळं तिच्यावर आलं. समोर 'वादळ' नावाचा खेळाडू, भुताटकीचा डेक. सातव्या पाळीला माझे चारच प्राण उरले होते. समोर दोन लढवय्ये उभे, आणि हातात विहीर.

"टाका वहिनी, टाका!" दीर उभाच राहिला.

"दोघांसाठी विहीर? नाही. दोन पाळ्या त्याने एकही नवा लढवय्या टाकला नाही. भुताटकी हातात आहे त्याच्या."

"आणि नसली तर?"

तिने वैद्यबाई टाकली. सहा प्राण भरले, दहा झाले. समोरून 'लवकर करा!' आलं, दोन लढवय्यांचे घाव बसले आणि तीन प्राण राहिले. आणि मग खरोखर भुताटकी आली. मेलेले सातही उठून उभे राहिले. त्याच्या पुढच्या पाळीला ते सगळे मारायला मोकळे होते.

पण त्याआधी आमची पाळी होती. तिने विहीर टाकली. नऊच्या नऊ आत गेले, आवाज न करता.

त्यानंतर पंचवीस मिनिटं त्याने जे टाकलं ते मी झाडलं, जे लागलं ते भरलं. त्याचे पत्ते संपले. आधी एक प्राण तुटला, मग दोन, मग तीन. शेवटी त्याने डाव सोडला आणि निरोप पाठवला: 'छान खेळलात.' जाऊने तिला अशी मिठी मारली की फोन सोफ्याच्या फटीत गेला. माझा पहिला मोठा विजय मी अंधारात साजरा केला.

पुढे माझी यादी शेकडो लोकांनी उतरवून घेतली. दोन महिन्यांनी खेळ बनवणाऱ्यांनी विहिरीची किंमत आठ शक्ती केली. मी ते कौतुक समजतो. त्यानंतर दोनदा नवे पत्ते आले. माझ्या जन्माच्या तीसपैकी आज अकराच उरलेत. मग मी तोच का, असं तुम्ही विचाराल. पत्ते येतील, जातील. वाट पाहण्याची हिंमत ज्या तीस पत्त्यांत असेल, ते मीच असेन. नव्या पत्त्यांना मी आता भीत नाही. खेळाडूंकडे मागणं एकच: लोकांचे शेरे वाचण्याआधी पत्ता वाचा. आणि खेळ बनवणाऱ्यांनो, सगळे पत्ते धावणारेच काढू नका. थांबणाऱ्यांनाही थोडी जागा राहू द्या.

गेल्या महिन्यात दिराने हळूच विचारलं, "वहिनी, हा डेक मला जमेल का?" तिने माझी एक प्रत त्याच्या फोनवर करून दिली. बिचारा सडकून हरतोय. हातात पत्ता आला की त्याला टाकल्यावाचून राहवत नाही. ती शेजारी बसते, पण सांगत काही नाही.

आज संध्याकाळी त्याच्याकडे चार पत्ते होते आणि सहा शक्ती. समोरून 'लवकर करा!' आलं. त्याचा अंगठा वर गेला, थबकला. मग एकही पत्ता न टाकता त्याने पाळी संपवली.

तिने पाय सोफ्यावर घेतले आणि मागे रेलून बसली.