आफ्राच्या लग्नातला नवरीचोर

ओबरआख गावात क्विरिनला चोर म्हणणारा एकच माणूस होता, आणि त्याला तसं म्हणण्याचा पगार मिळत होता. तो म्हणजे उमरावाचा वनाधिकारी रुपेर्ट. रानातली हरणं उमरावाची, डुकरंही उमरावाचीच. चरायची मात्र शेतकऱ्यांच्या गव्हात. त्यांच्यावर कुणी दगड भिरकावला तरी थेट कोठडी. चार वर्षांपूर्वी डुकरांनी शेजारच्या विधवेचं अख्खं शेत उकरून टाकलं, तेव्हा क्विरिनने बापाची बंदूक उचलली आणि डोंगर गाठला. तेव्हापासून आज या दारात, उद्या त्या दारात डुकराची तंगडी टांगलेली सापडायची, आणि त्या घरातली चूल दिवसभर विझायची नाही.

अशात त्याच्या बहिणीचं, आफ्राचं, लग्न ठरलं. नवरा लोरेन्झ लोहार.

"येऊ नकोस," तिने निरोप धाडला. "रुपेर्ट सहा शिपाई घेऊन खानावळीच्या दारातच बसणार आहे."

क्विरिनने निरोप ऐकला आणि दाढी काढायला वस्तरा मागितला. रुपेर्टने त्याला पाहिलं होतं ते नेहमी पाठमोरं, तेही धूम पळताना. मग चेहऱ्याची कसली भीती?

गावात लग्नाची आमंत्रणं देणारा आणि पंगतीत पाहुण्यांची थट्टा करणारा मानकरी होता म्हातारा गोटहार्ड. लग्नाच्या सकाळी त्याचा पाय ऐन वेळी मुरगळला. पाय अगदी धडधाकट होता, पण म्हातारा असा काही कण्हला की त्याची बायकोही फसली. त्याची फुलांची टोपी आणि रेशमी फिती बांधलेली काठी घेऊन एक तुळतुळीत हनुवटीचा गडी खानावळीत शिरला.

आफ्राने भावाला पाहताक्षणी ओळखलं आणि हातातला पेला बाजूला ठेवला.

"मेल्या, हे काय!" ती पुटपुटली.

"नवरीबाई, मानकऱ्याला शिव्या द्यायच्या नसतात," तो म्हणाला आणि सरळ रुपेर्टसमोर जाऊन उभा राहिला. काठी आपटून त्याने सूर लावला:

"मोठी मिशी, मोठी टोपी, मोठा यांचा थाट,
रानातल्या डुकरांनाही पाठ यांची वाट!"

खानावळ हसून हसून लोळली. शिपाईसुद्धा हसले; तीही आसपासच्याच गावांतली पोरं. रुपेर्टला हसावंच लागलं. मानकऱ्याच्या थट्टेवर रागावणारा माणूस वर्षभर गावाच्या टवाळीचा धनी होतो.

"जीभ फार चालते रे तुझी," तो म्हणाला. "कुठला तू?"

"वरच्या अंगाचा, साहेब. तिकडे करमणूक कमी, म्हणून जीभच चालवतो. घ्या, बिअर घ्या."

मग गोल गोल उंडे आले, आंबवलेली कोबी आली, आणि एक भलीमोठी भाजलेली तंगडी आली. हे मांस कुठून आलं, असं कुणीच विचारलं नाही. रुपेर्टने दोनदा वाढून घेतलं. क्विरिनला इतका आनंद झाला की तिसऱ्यांदा त्याने स्वतःच्या हाताने वाढलं.

जेवणं उरकल्यावर बाजा वाजू लागला. आता नवरी पळवायची वेळ होती. रीतच तशी: कुणीतरी नवरीला दुसऱ्या खानावळीत पळवून न्यायचं आणि नवऱ्याने शोधत यायचं. क्विरिनने आफ्राचा हात धरला.

"चल, पळ!"

"कुठे?"

"नदीपलीकडच्या खानावळीत!"

इझार नदीच्या पलीकडे बिशपचं राज्य. उमरावाचा हुकूम पाण्यातच संपायचा. शिपायांनी हसत वाट करून दिली. दोघं उतारावरून धावत सुटली, आणि दारात पेला घेऊन उभ्या असलेल्या रुपेर्टच्या डोळ्यांसमोर ती पाठ आली. चार वर्षं पाहिलेली पाठ.

"अरे, तोच आहे! धरा त्याला!"

धरणार कसं? निम्म्या शिपायांनी नाचायला बूट काढले होते. त्यात लोरेन्झ "माझी बायको पळवली हो!" म्हणून आरोळी ठोकत निघाला, मागून सगळं वऱ्हाड, बाजेवाले, ढोलवाला. अरुंद वाट गच्च भरली. रुपेर्ट ओरडत होता, आणि त्याच्या प्रत्येक आरोळीला ढोलवाला टिपरी हाणत होता.

काठावर लाकूडवाल्यांचा तराफा उभा होता. वऱ्हाड मावेल तेवढं चढलं, उरलेलं पाण्यातून चालत निघालं. रुपेर्ट पोहोचला तेव्हा तराफा मधोमध होता, आणि पाय मुरगळलेला गोटहार्ड त्यावर नाचत होता.

पलीकडे आफ्रा भावाच्या गळ्यात पडून हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

"दाढीशिवाय अगदी आईसारखा दिसतोस रे दादा."

"म्हणून तर ठेवत होतो," तो म्हणाला. लोरेन्झने त्याला खांद्यावर उचललं आणि नाच सुरू झाला.

क्विरिन पलीकडेच राहिला. पुढच्या वसंतात बिशपच्या कारभाऱ्याने त्यालाच रानाचा राखणदार नेमलं. रान त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? त्याने पहिला हुकूम काढला तो असा, की शेतात शिरलेलं डुक्कर शेतकऱ्याचं. शहाणे शेतकरी मग गव्हाचं कुंपण थोडं उघडंच ठेवू लागले.