तिसऱ्या रांगेतला मुलगा

हॅटी फक्त गाडीत झोपते. म्हणून माझं लिहिणंही गाडीतच होतं. दुपारी गावाबाहेरच्या रस्त्याने चक्कर मारायची, तिची मान कलली की घरासमोरच्या पेकनच्या झाडाखाली गाडी उभी करायची, इंजिन चालूच ठेवायचं आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन श्वासाचाही आवाज न करता लिहायचं. झोपेत तिचे ओठ हलतात, दूध ओढल्यासारखे. बघत बसले की तो दिवस गेलाच.

ओपलीन या गाडीतच जन्मली.

ओपलीन सतरा वर्षांची. अलाबामातल्या आमच्यासारख्याच गावातली, आमच्यासारख्याच बाप्टिस्ट चर्चमधली. गुडघ्याखाली स्कर्ट, मोठ्यांपुढे मान खाली, 'हो मॅडम', 'नाही सर'. लग्नाआधीच तिला दिवस जातात. मग एका रविवारी भजन संपल्यावर पाद्रीसाहेब तिला पुढे बोलावतात, आणि लाकडी पायरीवर उभं राहून ती सगळ्या मंडळींची माफी मागते. आमच्याकडे ही रीतच होती. मी स्वतः कुणाला तसं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. पण वयात आल्यापासून 'नीट राहा, नाहीतर पुढे उभं राहावं लागेल' हे इतकं ऐकलं होतं की ती पायरी माझ्या तळपायांना पाठ होती. ओपलीन त्या भीतीतून आली, दुसऱ्या कुणावरून नाही. गावाला मात्र हे पटलं नाही.

ग्रंथालयाच्या बाईंनी मला शनिवारी गोष्ट वाचायला बोलावलं होतं. मी ती आधी त्यांना वाचायला दिली. त्यांनी बहिणीला दाखवली. आणि बहिणीने बुधवारच्या प्रार्थनेत डोळे मिटून सांगितलं, "लेसीसाठी प्रार्थना करू या गं. बिचारी काहीतरी लिहून बसलीय." आमच्याकडे चुगली करणं पाप आहे, प्रार्थना करणं नाही. गुरुवार उजाडेपर्यंत अख्ख्या गावाने माझ्यासाठी प्रार्थना केली होती.

पहिल्या आल्या मिस व्हर्ना; आमच्याकडे मोठ्या वयाच्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात. हातात काचेचा ट्रे, त्यात चिकन-भात, वर चीजचा थर, बुडाला त्यांच्या नावाची चिकटपट्टी.

"अगंबाई, किती गोड पोर! आणि तू किती गं वाळलीस! देव तुझं भलं करो." आमच्याकडच्या बायका हे वाक्य चाकूला लोणी लावावं तसं वापरतात. "लेसी, तुझ्या त्या गोष्टीतल्या मुलीचे केस लाल का गं?"

"सहज सुचले, मिस व्हर्ना."

"आमच्या पोरीचे, डार्लाचे, लाल होते."

"डार्ला तर टेक्सासला गेली होती ना? मावशी आजारी होती म्हणून?"

"मावशी आजारीच होती." त्यांनी पर्स छातीशी धरली. "काळे कर केस. एवढंच सांगायला आले. ट्रे सावकाश दे."

संध्याकाळी मिस ग्लेंडा, पीच फळाचं गोड कॉब्लर घेऊन. त्यांना ओपलीनचा निळा ड्रेस नको होता. "पिवळा कर. हिरवा कर. निळा माझ्या बहिणीचा होता, आणि ती आता नाहीये." आणि लगेच त्या हसून म्हणाल्या, "थोडं गोड जास्त झालंय हं."

शुक्रवारी सकाळी टेरी आली. माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, शाळेत माझ्या पुढे होती. मसाला भरलेल्या अंड्यांची ताटली माझ्या हातात देऊन ती दारातच उभी राहिली.

"पायरीवर तिला कापरं भरतं, असं लिहिलंयस म्हणे."

"हो."

"ते काढ. मला कापरं भरलं नव्हतं."

आणि गेली. टेरी! ती गाव सोडून गेली त्या वर्षी मी कॉलेजला होते, आणि 'नोकरीसाठी' मोबील शहरात गेली असं मला सांगितलं गेलं होतं. हॅटी झाली तेव्हा पंधरवडाभर माझ्या दारात ट्रे येत होते. चूल पेटवावी लागली नाही. कारण माझ्या बोटात लग्नाची अंगठी होती. टेरीच्या दारात कुणी एक पाव तरी ठेवला होता का? गोष्टीतली मुलगी वाचवायला मात्र आता माझा फ्रिज भरून वाहतोय. केस बदल, ड्रेस बदल, कापरं काढ. तिला पायरीवर चढवलं कुणी, हे कोणीच विचारत नाही. एका गावात किती ओपलीन असाव्यात?

दुपारी मी झाडाखाली गाडीत होते. हॅटी नुकतीच झोपली होती. शेजारच्या सीटचं दार हळूच उघडून आई आत बसली.

तिचे हात रिकामे होते. आमच्याकडे रिकाम्या हाताने कोणी कोणाकडे जात नाही, आणि माझी आई तर नाहीच. चर्चचं स्वयंपाकघर तिच्यावर चालतं.

"तुला काय बदलून हवंय?" मी कुजबुजले. पोर झोपलेली, त्यामुळे भांडणही कुजबुजतच करणं भाग होतं. "केस की ड्रेस?"

"केसांचं काय घेऊन बसलीस? तो मुलगा कुठाय?"

"कोण मुलगा?"

"तेच विचारतेय मी. पोरगी काय वाऱ्याने गरोदर राहिली?"

"आहे की तो. तिसऱ्या रांगेत."

"'तिसऱ्या रांगेत एक मुलगा मान खाली घालून बसला होता.' एवढंच. नाव नाही, गाव नाही. पाद्र्याने सोडला त्याला, आणि तूही सोडलास. हेच शिकवलं ना आम्ही तुला?" तिने पुढच्या काचेवरून नजर हलवली नाही. "आणि मान खाली नव्हती. भजनाच्या पुस्तकाची पानं चाळत होता. पुढचं भजन शोधत होता."

मी हॅटीकडे पाहिलं. मग आईकडे. आमच्या घरात लग्नाचा वाढदिवस कधीच झाला नाही. बाबांना असले सोहळे आवडत नाहीत, असं आई सांगायची.

"बाबा?" मी म्हटलं.

"पुढच्याच महिन्यात लग्न केलं त्यांनी. माणूस वाईट नाही. मग डीकन झाले, चर्चचा कारभार हातात आला. आता सगळ्या डीकनांचे मुख्य. दर रविवारी दानाची थाळी घेऊन रांगांमधून फिरतात. मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते म्हटलं, तर चर्चवाले म्हणाले, 'तुम्ही नको, तुमचं ते झालंय ना.' माझं झालंय! तुझ्या बाबांचं काय झालं होतं गं?"

"मला वाटायचं तुला स्वयंपाकघर आवडतं."

"दोनशे माणसांसाठी अंडी सोलायला कुणाला आवडतं?"

तिचा आवाज चढला आणि हॅटी जागी झाली. आईने तिला उचललं, खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं. माझ्या डोळ्यांपुढे ती पायरी होती, आणि पोटात मला घेऊन तिच्यावर उभी असलेली सतरा वर्षांची ही बाई.

"उद्या वाचू नको का?" मी विचारलं.

"न वाचायला काय झालं? त्याला नाव दे. तुझ्या बाबांचं नको, मला अजून त्यांच्यासमोर बसून जेवायचंय. दुसरं कुठलंही दे. पण दे. आणि उभा कर त्याला." ती हॅटीला घेऊन उतरली. "मी हिला बघते. तू लिही."

आयुष्यात पहिल्यांदा भर दिवसा, दोन्ही हातांनी, मोठ्या आवाजात बटणं बडवत मी लिहिलं. केस लालच ठेवले. ड्रेस निळाच. कापरं काढलं, टेरीसाठी. ओपलीन पायरीवर चढली. पाद्रीसाहेब म्हणाले, बोल मुली. ती 'मला क्षमा करा' म्हणाली नाही. तिसऱ्या रांगेकडे वळून ती म्हणाली, "वेंडेल, पुस्तक मीट. उभा राहा."

झाडाखाली येरझाऱ्या घालणाऱ्या आईने खिडकीतून डोकावलं. "उठला का?"

"उठतोय."

"घाई करू नकोस. सगळ्यांना दिसू दे." हॅटीने तिच्या गळ्यातली साखळी तोंडात घातली होती. ती सोडवत आई म्हणाली, "उद्या तुझ्या बाबांना मी तिसऱ्या रांगेत बसवणार आहे."

"आई, ग्रंथालयात दोन रांगांपुरत्याच खुर्च्या आहेत."

"चर्चमधून आणते," ती म्हणाली. "त्या स्वयंपाकघरातच ठेवलेल्या असतात. किल्ली माझ्याकडे आहे."