लॉगचं शेपूट

विभागप्रमुखाचं पद मिळालं, तर बॅकअपभाऊंच्या पदरात काचेची केबिन पडणार होती, पाठीला टेकू देणारी खुर्ची पडणार होती आणि मेहुण्याचं तोंड कायमचं बंद होणार होतं. या शेवटच्या लाभासाठी भाऊंनी आधीचे दोन आनंदानं सोडले असते.

फर्निचरच्या कारखान्यातला डेटाबेस ते सांभाळत. लोक 'जेवलात का' विचारतात, त्या सुरात ते 'बॅकअप घेतलात का' विचारायचे. नाव त्यावरूनच पडलं. नव्या माणसाला त्यांचा पहिला धडा ठरलेला: पूर्ण बॅकअप रात्रीचा. त्यानंतरची प्रत्येक नोंद लॉगमध्ये. म्हणून डेटाबेस बिघडला, तर जुना बॅकअप परत चढवण्याआधी लॉगचं शेपूट, म्हणजे रात्रीनंतरच्या नोंदी, वाचवून बाजूला ठेवायचं; नाहीतर त्या पुसल्या जातात.

मालकीणबाई बढतीचा निकाल सांगायला यायच्या होत्या, नेमकी त्याच दुपारी डेटाबेसनं मान टाकली. गोदामातून फोनावर फोन, हिशेबवाले दारात. बाई यायच्या आत मेलेलं उठवून दाखवायचा मोका भाऊंना खुणावू लागला. शेजारच्या टेबलावरच्या ताई, त्यांच्याच बरोबरीच्या, म्हणाल्या, "अहो, आधी लॉग घ्या."

"ताई, हे मी तुम्हाला शिकवलंय."

लॉग शिल्लक आहे, तरी पुढे जायचं का, असं खुद्द सिस्टिमनंही विचारलं. भाऊंनी तिलाही गप्प केलं आणि रात्रीचा बॅकअप थेट चढवला.

मालकीणबाई आल्या तेव्हा संगणकांचे पडदे उजळले होते. त्यांनी पाठ थोपटली आणि सांगितलं की, बढती सकाळी घरूनच मंजूर करून टाकलीय, सिस्टिममध्ये बघा.

भाऊंनी बघितलं. बढती नव्हती, हजेरी नव्हती, ऑर्डरी नव्हत्या. अख्खी सकाळच नव्हती. हत्ती सुखरूप बाहेर आला होता, शेपूट तेवढं गेलं होतं, आणि खुर्ची त्या शेपटालाच बांधलेली होती.

बाईंनी ताईंना कारण विचारलं. ताईंनी आधी भाऊंकडे पाहिलं, मग खरं ते सांगितलं.

"पुन्हा मंजूर करता येईल ना?" भाऊ पुटपुटले.

"येईल की," बाई म्हणाल्या. "आता फक्त विचार करून करते."

त्या विचारात केबिन ताईंकडे गेली. गोदामवाल्यांनी सकाळचा माल पुन्हा मोजला, हिशेबवाल्यांनी जेवण बुडवून नोंदी भरल्या. त्या चुकीचं त्यांच्या वाट्याचं देणं संध्याकाळपर्यंत फिटलं. भाऊंचं अजून चालू आहे: मेहुणा घरी आला की चप्पल काढायच्या आधी विचारतो, "काय भाऊजी, शेपूट सापडलं का?"