सात गाठींचं रान

लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर कोकणातल्या एका गावाची खोली आहे. गिरण्यांचे भोंगे होते तेव्हा तिथे गावची वीस-वीस माणसं पाळीपाळीने पाठ टेकायची. आता महिन्यातल्या एका रविवारी ग्रामविकास मंडळाची सभा भरते, एवढंच. खाली मिरची कांडायचं दुकान आहे, त्यामुळे सभेत कुणी ना कुणी सतत शिंकत असतो आणि शिंकेवर कुणी रागावत नाही.

त्या रविवारी विषय होता गावकीच्या रानाचा. चिटणीस हितेंद्रने ठराव आदल्या दिवशीच लिहून आणला होता. अर्ध्या रानाला मंडळाने तारेचं कुंपण घातलंच होतं, उरलेल्या अर्ध्यालाही घालावं आणि दहा वर्षं एकही जनावर आत सोडू नये.

हितेंद्रचा जन्म इथलाच, पण जीव त्या रानात. लहानपणी मे महिन्यात खाल्लेली करवंदं अजून त्याच्या जिभेवर होती. गेल्या पावसाळ्यात त्याने पोरं नेऊन कुंपणाच्या आत पाचशे रोपं लावली. गणपतीला गेला तेव्हा गवत कमरेएवढं हिरवंगार झालं होतं, आणि तो त्यात उभा राहून फोटो काढून आला. फाल्गुनात वणवा लागला. पाचशेतलं एक रोप उरलं नाही. नवा चारा फुटावा म्हणून गुराख्यांनीच पेटवलं असणार, असं मुंबईत बसून सगळ्यांनी ठरवलं. हितेंद्रने सगळ्यांच्या आधी.

आणि आज त्या गुराख्यांतलीच एक दारात उभी होती. शेवंतीकाकी, साठी ओलांडलेली, रात्रभर एसटीत बसून आलेली. बारा गुरं तिची. रान बंद झालं तर ती विकावी लागणार होती. दुसरं कुरण नव्हतं आणि बारा जनावरांना विकतची वैरण तिला झेपणारी नव्हती. हे तिने एकदाच सांगितलं आणि पाणी मागितलं.

अध्यक्ष नाना म्हणजे जुने गिरणी कामगार, तिच्याच वाडीतले. त्यांनी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. हितेंद्रला वाटलं होतं, बाई रडेल, हात जोडेल. तिने त्याच्याकडे तो गणपतीतला फोटोच मागितला. तो तर साऱ्या गावाच्या ग्रुपवर फिरला होता. हितेंद्रने फोन पुढे केला. तिने डोळ्यांपासून लांब धरून नीट पाहिलं.

“गवात झ्याक असा,” ती म्हणाली. “मगे ह्या गवात खंय गेला?”

हितेंद्र आठवू लागला. कुणी कापलं नव्हतं. गुरं आत नव्हती. तो फोटो काढून रजा संपली म्हणून परत आला होता, आणि गवत तिथेच उभं राहिलं होतं. दिवाळीत पिवळं पडलं असेल, माघात कडकडीत वाळलं असेल. त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं. त्याचं गाव गणपतीचं आणि मेचं. फाल्गुनातलं रान त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, त्याने काय, खोलीतल्या एकाही चाकरमान्याने.

काकीने मग बाकीचं सांगितलं. आग कुणाच्या विडीची ते देवीला ठाऊक. पण पेटत पेटत ती तिच्या, बिनकुंपणाच्या बाजूला आली तेव्हा तिथे गवत वीतभर होतं. खायला काही मिळेना म्हणून आग बसली, आणि उरलीसुरली तिने आणि वाडीतल्या आणखी एका बाईने हिरव्या टहाळ्यांनी झोडपून विझवली.

पिशवीतून तिने जुनं दावं काढून जमिनीवर पसरलं. त्याला सात गाठी होत्या, तिच्या अर्ध्या रानाचे सात भाग, चाळीस वर्षं तिने राखलेले. एक भाग चरून झाला की गुरं पुढच्यात हाकायची. ज्यात ऐन-किंजळीच्या झाडांची पिल्लं, म्हणजे कोवळी रोपं उगवली, त्याच्या वाटेवर टहाळ बांधायचा. टहाळ दिसला की तो भाग बंद, पिल्लू गाईच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत. एकट्यादुकट्या पिल्लाला करवंदीच्या काट्यांचं कडं. दिराच्या शेळ्या बंद भागात शिरल्या म्हणून तिने त्या हाकलून लावल्या होत्या आणि दीर दोन वर्षं तिच्याशी बोलत नव्हता. गाठींवरून बोट फिरवताना ती गुणगुणू लागली.

*माझी गाय गो शहाणी, उभी ऐनाच्या सावली*
*खाली कोवळा कोंभ, त्याका जीभ नाय लावली*

“गो शेवंते, तुझी गाय बरीच सोवळ्याची दिसता,” नाना म्हणाले.

“सोवळ्याची कसली. मी काठी घेवन उभी असतंय.”

खोली हसली. हितेंद्र हसला नाही. त्याचं लक्ष त्या दाव्यावर होतं. ड्रोनने काढलेला नकाशा त्याच्या बॅगेत होता आणि त्यात यातलं काहीच नव्हतं. कुठे पिल्लं आहेत, कुठे नाहीत, कुठली वाट कधीपासून बंद, हे चाळीस वर्षांचं सगळं एका दोरीत मावलं होतं, आणि ती बाई तेच विचारायला एसटीने आली होती, की मला हे करू द्याल का.

नानांनी ठराव वाचायला सांगितला. हितेंद्रने कागद घडी करून खिशात टाकला. चूक आपली होती, गवत आपण राखलं आणि आगीला वाढून ठेवलं, असं तो उभा राहून म्हणाला. मग काकीला विचारलं, जळक्या अर्ध्याचं काय करू या.

“पावसात बंदच ठेवया. कार्तिकात गुरां घालीन, वाळायच्या आधी चरान होयत. रान बंद करूक माका येता, उघडूक पण येता.” मग तिने त्याच्याकडे पाहिलं. “पण तू फाल्गुनात ये. गणपतीतली थोडी रजा राख.”

ठराव तिथेच नव्याने लिहिला गेला: नवं कुंपण नाही, आणि जळक्या अर्ध्यातही काकी सांगेल तेव्हा गुरं. कुणीतरी शिंकलं. काकीने दाव्याचं टोक उचलून जळक्या अर्ध्याची आठवी गाठ घातली, पण ओढली नाही. सैलच ठेवली.

“तू इलंस की आवळू,” ती म्हणाली, आणि दावं हितेंद्रच्या हातात दिलं.