नऊ, नऊ आणि शून्य

शिकारीच्या या बेतात माझ्या नवऱ्याचा, डेल्बर्टचा, फायदा होता नऊ वर्षांचा आणि गुंतवणूक होती एक पट्टी, एक पेन्सिल.

वायोमिंगच्या डोंगरात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या सांबराच्या, शिकारीला जायचं तर सोडतीत नाव लागावं लागतं. दरवर्षी अर्ज भरला की एक गुण जमा होतो. भाग जितका चांगला, तितके गुण जास्त लागतात. परवाना मिळाला की सगळे गुण शून्य. माझा थोरला भाऊ ल्युमिर नऊ वर्षं गुण साठवत होता. डेल्बर्ट नऊ वर्षं म्हणत होता, "पुढच्या वर्षी नक्की भरतो." गटाने अर्ज केला तर सगळ्यांच्या गुणांची सरासरी धरतात, हे समजल्यापासून त्याला मेहुण्याबद्दल एकाएकी फार माया वाटू लागली होती.

ल्युमिरला एकट्याला परवाना सहज मिळाला असता. पण एल्क म्हणजे काही खांद्यावर टाकून आणायचं हरीण नव्हे. नुसतं मांस खाली आणायला एका माणसाला पाच-सहा फेऱ्या. त्यात त्याचा डावा गुडघा. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं, "हा ऑक्टोबर सांभाळून जा. पुढच्या ऑक्टोबरात डोंगर विसर." म्हणजे सोबतीशिवाय जाता येत नव्हतं, आणि थांबताही येत नव्हतं.

अर्जाची मुदत सोमवारची. शनिवारी आम्ही तिघं माझ्या कचेरीत बसलो. गावच्या सायलोवर, धान्याच्या उंच कोठारावर, मक्याचे ट्रक येतात, ते मी वजनकाट्यावर घेते. टेबलावर नकाशा पसरलेला, त्याच्या चार कोपऱ्यांवर कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव, ठेवलेले. त्यातले दोन कोपरे डेल्बर्टने खाल्ल्यामुळे नकाशा पुन्हा गुंडाळत होता.

"हे बघ, इथे पाणी," ल्युमिरचं बोट नकाशाभर धावत होतं. "इथे गवत. पहाटे नर या कड्यावरून हाळी देणार, आणि आपण वाऱ्याच्या खाली, इथे! अर्लीन, बघतेस ना?"

"बघतेय. श्वास घे."

"तंबू इथे, ओढ्याकाठी," डेल्बर्टने पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. "तिथून तुझं गवत दीड मैल. अर्ध्या तासाचं काम."

आमच्या सपाट मक्याच्या मुलखातले रस्तेच पट्टीने आखलेले आहेत. मैलामैलाला चौक, आणि घाट म्हणजे रेल्वेचं फाटक. त्यामुळे मलाही त्या रेघेत काही वावगं दिसलं नाही. ल्युमिरने मात्र नमुन्याच्या मक्याची बादली उचलली आणि डेल्बर्टच्या रेघेवर ओतली. पिवळाधमक डोंगर उभा राहिला.

"आता मार रेघ. नकाशावरची ही प्रत्येक तपकिरी ओळ म्हणजे चाळीस फूट चढ. तुझ्या पट्टीखाली किती गेल्या?"

डेल्बर्टने दाणे बाजूला सारत मोजल्या. "बावन्न."

"आपला सायलो एकशेतीस फूट. तो किती वेळा चढायचा?"

"सोळा वेळा," मी म्हटलं. असले हिशेब मला कागदाशिवाय येतात.

तंबू ताबडतोब ओढ्यावरून उठला आणि खिंडीत गेला. खरी अडचण कचेरीतल्या फळ्यावर गुणांचा हिशेब मांडला तेव्हा निघाली. नऊ अधिक शून्य, भागिले दोन: साडेचार. त्या भागाचे परवाने गेल्या वर्षी सहा गुणांवर संपले होते.

"पुढच्या वर्षी..." डेल्बर्टच्या तोंडून सवयीने निघालं. मग ल्युमिरच्या गुडघ्याकडे बघून त्याने उरलेलं वाक्य गिळलं.

ल्युमिर मक्याचे दाणे एकेक करून बादलीत टाकू लागला.

"तिसरं नाव लिही," मी म्हटलं. "अर्लीन. नऊ."

"काय नऊ?"

"गुण. तुझा अर्ज दरवर्षी कॉम्प्युटरवर कोण भरतं? पान उघडं असायचं, एक माझाही भरत होते."

"नऊ वर्षं नवऱ्यापासून लपवलंस?" डेल्बर्ट उभाच राहिला.

"तू 'पुढच्या वर्षी' म्हणून संपवायचास, तेवढ्यात भरून व्हायचा."

ल्युमिरने अठराला तिनाने भागलं. दोनदा. दोन्ही वेळा सहाच आले. मग त्याने मला अशी मिठी मारली की उरलेले कोलाचे मक्यात गेले.

"थांबा," मी म्हटलं. "गुण आमचे. मांस वाहायला पाठ कुणाची?"

सायलोच्या जिन्याला दोनशे पायऱ्या आहेत. धान्याची पातळी मोजायला मी त्या आठवड्याला चढते. डेल्बर्टच्या पाठीवर ऐंशी पौंडांचं पोतं बांधलं, माझ्या पाठीवर चाळिसाचं. साठाव्या पायरीवर तो थांबला.

"काय झालं?"

"नजारा बघतोय."

"खिडकी वर आहे, डेल्बर्ट."

"अगं, तू पुढे हो, मी तुला मागून सांभाळतो!"

"मघापासून मीच मागे आहे."

वर पोचल्यावर तो पोत्यासकट आडवा झाला. पाच मिनिटांनी उठून त्याने खिडकी उघडली आणि खाली ओरडला, "ल्युमिर! एल्क कुठाय? पाठव वर!"

सोमवारी अर्ज गेला. डेल्बर्ट रोज संध्याकाळी जिना चढू लागला आणि शनिवारी ट्रकच्या काट्यावर उभा राहू लागला. तो काटा वीस पौंडांहून बारीक काही दाखवत नाही. एप्रिलअखेर आकडा एका घराने, म्हणजे वीस पौंडांनी, उतरला, तेव्हा त्याने येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला ते सांगितलं.

मे महिन्यात निकाल आला. तिघांचीही नावं! ल्युमिर कचेरीत लंगडत नाचला. डेल्बर्ट खडू शोधायला माझा खण उपसू लागला, आणि त्याला माझा नकाशा सापडला: वायोमिंगचाच, पण फार वरचा एक कोपरा, भोवती लाल गोल, शेजारी आकडा बारा. तिथे बाराखाली कुणाला परवाना मिळत नाही. बारा गुण व्हायला मला तीनच वर्षं उरली होती.

मी ट्रकची पावती फाडत राहिले. मग त्याने नकाशा घडीवर घडी घालून परत ठेवला आणि खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, "एल्कच्या मागच्या दोन्ही मांड्या, गाडीपर्यंत वाहणार: डेल्बर्ट."

खाली मी बेरीज पुरी केली. ल्युमिरने नऊ वर्षं दिली, एक गुडघा दिला, डोंगर घेतला. डेल्बर्टने शून्य दिलं आणि पाठ दिली. मी नऊ दिली, वर लाल गोल दिला. तिघांपुढेही आता शून्य.